हा रविवार नाही, पुढचा

नवीन पनवेल
६ ऑक्टोबर २०२५

अविनाश,

‘प्रिय’ लिहायची सवय गेली आहे आणि ‘स. न. वि. वि.’ लिहिलं तर तू रेवाला म्हणशील की आई अजून घुश्श्यात आहे. म्हणून नुसतं नाव.

रेवा काल तुझे बासष्ट कागद छापून घेऊन आली. क्लबला पन्नास वर्षं होताहेत, त्याची स्मरणिका निघणार, आणि तिच्यातला मुख्य इतिहास तू लिहिणार, हे मला निकेशने आधीच सांगितलं होतं. हल्लीचा सेक्रेटरी तो. मुलगा बरा आहे, पण त्याच्या जन्माआधीच्या गोष्टी त्याला तू सांगशील तशाच कळणार. तुझा निरोपही रेवाने सांगितला. “बाबा म्हणाले, शुद्धलेखन तेवढं बघ. मजकुराला हात लावू नकोस.” तू घर सोडल्यावर सव्वीस वर्षांनी पहिली विनंती, आणि तीही अटीसकट.

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला वेळ लागला नाही. तुझं शुद्धलेखन चांगलंच आहे. अडचण पहिल्याच पानावरच्या एका वाक्याची आहे. “१९७६च्या जानेवारीत बंदराजवळची एक पडीक जागा उपलब्ध झाली आणि रविवार जाझ क्लबचा श्रीगणेशा झाला.”

उपलब्ध झाली! आकाशातून पडली का? या वाक्यात कर्ता कुठे आहे, असं मी सातवीच्या मुलांना विचारलं असतं.

कर्ता आहे काशिराम. जागा पडीक नव्हती, त्याच्या बापाचं मिठाचं गोदाम होतं ते, आणि त्या हंगामात त्यात मीठ होतं. काशिरामने ते चुलत्याच्या छपराखाली हलवलं, वडिलांच्या शिव्या खाल्ल्या, भिंतींना चुना लावला. आणि काशिराम तुला कसा भेटला, ही गोष्ट तूच तर रंगवून सांगायचास. रसायनीच्या कारखान्यातून तू सायकलवर परत येत होतास. रोडपालीच्या एका वरातीत ब्रास बँड चालला होता. साइड ड्रम वाजवणारा पोरगा काहीतरी भलतंच करत होता, ठोका हवा तिथे देत नव्हता, किंचित मागे ठेवत होता. तू मुंबईत धोबी तलावावरच्या त्या गोवेकर म्हाताऱ्याकडे तीन वर्षं सॅक्सोफोन शिकत होतास आणि त्याने जे शिकवता शिकवता हात टेकले होते, ते हा पोरगा वरातीत वाजवत होता. तू सायकल हातात धरून नवरदेवाच्या दारापर्यंत गेलास. पाहुणा समजून तुला जेवायला वाढलं.

हे सगळं बासष्ट पानांत कुठेच नाही. “स्थानिक कलाकारांचे सहकार्य लाभले” एवढं आहे. काशिराम म्हणजे स्थानिक कलाकार. तू कोण होतास मग, परदेशी?

पहिली दहा पानं दुरुस्त करून रेवाकडे देते आहे. मजकुराला हात लावला आहे.

अरुंधती


नवीन पनवेल
२९ ऑक्टोबर २०२५

अविनाश,

तुझं उत्तर रेवाने फोनवर वाचून दाखवलं. “इतिहास म्हणजे कोर्टातली फिर्याद नव्हे. प्रत्येकाचं नाव घेत बसलो तर स्मरणिकेची मतदारयादी होईल.” वाक्य झकास आहे. टाळ्या पडतील अशी वाक्यं तुला नेहमीच जमली.

मी प्रत्येकाचं नाव मागत नाहीये. एकाचं मागते आहे.

पियानोचा परिच्छेद वाचला. “क्लबने १९७८ साली एक जुना पियानो मिळवला.” माथेरानच्या बंद पडलेल्या बंगल्यातून तो पियानो आपण चौघांनी आणला. तू पुढे चालत सूचना देत होतास. काशिराम आणि त्याचा भाऊ शिवा घाटात टेंपोच्या मागे उभे राहून दोर धरून होते. दस्तुरी नाक्यापर्यंत, गाड्या सुरू होतात तिथवर, तो माणसांच्या खांद्यावरून आला होता. खाडीच्या हवेने वर्षभरात त्याच्या तारांना गंज चढला, तेव्हा रंभाने, काशिरामच्या बायकोने, घरातली गोधडी आणून त्याला गुंडाळली. मी एकतीस वर्षं तो पियानो वाजवला आणि दर रविवारी दुपारी आधी ती गोधडी घडी करून बाजूला ठेवली. तिच्यातला सुक्या मासळीचा वास कधी गेला नाही.

तुला आठवतं, मी नवीन असताना मला ताल सापडत नव्हता? हार्मोनियमवर शिकलेली मी. तू इंग्रजी पुस्तकं दिलीस. काशिरामने मला मिठागरावर नेलं. म्हणाला, “बाई, या खारीत चाला बगू.” मी भराभर पाय टाकला आणि घोट्यापर्यंत रुतले. तो म्हणाला, “घाई नाय करायची. पाय उचलला का जरा थांबायचा. चिखलानं सोडला का मंग टाकायचा. तसाच वाजवायचा.” त्या दिवसापासून मला जाझ कळला. आजही कळतो तेवढा तेवढाच.

आणि आता एकतिसावं पान. “मार्च १९९१ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने क्लबचे ध्वनिमुद्रण केले. व्यावसायिक गरज लक्षात घेऊन ड्रम्ससाठी इंद्रजीत यांना पाचारण करण्यात आले. काशिराम यांनी समजूतदारपणे माघार घेतली. पुढे ऐकू कमी येऊ लागल्याने त्यांनी वादन थांबवले.”

या चार ओळी मी दिवसभर वाचल्या.

इंद्रजीतला ‘पाचारण करण्यात आलं’ नाही, अविनाश. तू आणलंस. कंपनीने मागितलं नव्हतं, तूच म्हणालास, “काशाचा ठोका मागे राहतो. रेकॉर्डवर ते चूक म्हणून ऐकू येईल.” ज्या ठोक्यासाठी तू वरातीत परक्याच्या घरचं जेवून आलास, तोच पंधरा वर्षांनी तुला चूक वाटला. इंद्रजीत घड्याळासारखा वाजवून गेला. ती कॅसेट तू शेवटची कधी ऐकलीस? मी ऐकते अधूनमधून. सगळं बरोबर आहे तिच्यात, आणि तिच्यात जीव नाही.

तू एका माणसाला त्याच्याच गोदामातून बाहेर काढलंस. तसं लिही.

अरुंधती


नवीन पनवेल
१४ नोव्हेंबर २०२५

अविनाश,

फोन मीच कापला. रेंज गेली नव्हती.

इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो म्हाताऱ्याचा निघाला, याचं मला आधी वाईट वाटलं. मग तू म्हणालास, “अरू, तू माझ्यावर तोफ डागते आहेस, पण काशाला सांगायला तूच गेली होतीस. तो काही म्हणाला नाही, असं तूच येऊन मला सांगितलंस. मी तेच लिहिलंय.” तेव्हा मी फोन ठेवला.

खरं आहे. तू तेच लिहिलं आहेस.

तुझा भ्याडपणा मी माफ करत नाहीये, हे आधी वाच. तू त्याचा मित्र होतास, तू जायला हवं होतंस. तू म्हणालास, “तू सांग. बाई म्हणून तुझं ऐकतो तो.” आणि सॅक्सोफोनच्या चाव्यांना तेल घालत बसलास. पण मी जाऊन काय सांगितलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

गुरुवार होता. सात मार्च. शाळा सुटल्यावर मी रोडपालीला गेले. रंभा घरी नव्हती. काशिरामने अंगणात सगळे ड्रम मांडले होते. नवी कातडी चढवली होती, चिंचेने पितळ घासत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली. म्हणाला, “बाई, माझे बापाचा आवाज कुटं नाय, आज्याचा नाय. मेली का गेली आमची मानसं. माझा आवाज टेपवर रायल. माझी नातवंडा आयकतील.”

मी वाक्य जुळवून नेलं होतं. रस्त्याने पाठ करत गेले होते. “काशिरामभाऊ, यावेळी तुम्ही वाजवायचं नाही असं ठरलंय.” ‘ठरलंय’. बघ, मीही कर्ता लपवूनच नेला होता. पण तेही तोंडातून निघालं नाही.

तो म्हणाला, “मंग या रविवारी किती वाजता येऊ?”

मी म्हटलं, “हा रविवार नाही, पुढचा. या रविवारी पियानो लावायला माणूस येणार आहे. बैठक नाही. गोदामाची चावी तेवढी द्या.”

त्याने करगोट्याची चावी सोडून माझ्या हातात दिली. गरम होती.

घरी येऊन मी तुला म्हटलं, “सांगितलं. काही म्हणाला नाही.” तू म्हणालास, “समजूतदार आहे काशा.” तुझ्या त्या चार ओळींतला ‘समजूतदारपणे’ तिथून आला आहे. माझ्याच खोट्यावर तो उभा आहे.

उरलेलं आज लिहिता येणार नाही.

अरुंधती


नवीन पनवेल
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

अविनाश,

लिहिते.

दहा तारखेला ध्वनिमुद्रण झालं. सतराला तू मुंबईला गेला होतास, टेप ऐकायला. मी गोदामात एकटी होते, पियानोवर गोधडी घालायला गेले होते. मला वाटलं होतं, आठवडाभरात कुणीतरी त्याला सांगेल. गावात बातमी लागेल. तो येणारच नाही. माझ्यावरचं ओझं परस्पर उतरेल.

चार वाजता टेंपो आला. काशिराम, रंभा, शिवा, शिवाची बायको, पोरं. अकरा माणसं. काशिरामने पांढराशुभ्र शर्ट घातला होता, केसांना तेल. रंभा लग्नातलं लुगडं नेसली होती आणि नाकात नथ. मागे ड्रम, प्रत्येकावर कापड बांधलेलं.

तो आत आला. रिकामी जागा बघितली. “अविनाश कुटं? टेपवाले नाय आले अजून?”

अविनाश, त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. लाज वाटली असती, तो रागावला असता, कदाचित त्याने आपल्याला त्याच दिवशी गोदामातून हाकललं असतं आणि ते योग्य झालं असतं. पण अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतली दोन पोरं माझ्या वर्गात होती. मी मराठीची बाई.

मी म्हटलं, “काशिरामभाऊ, असं काय करता? मागच्याच रविवारी होतं. आम्ही किती वाट बघितली तुमची! शेवटी मुंबईच्या एकाला बसवावं लागलं.”

तो म्हणाला, “तुमी तर पुढचा बोल्लात.”

मी म्हटलं, “नाही हो. मी म्हटलं, हाच रविवार, पुढचा नाही. तुम्ही उलटं ऐकलंत.”

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि हसला. मागे वळून सगळ्यांना म्हणाला, “बयरा झालो रं मी! ढोलाशेजारी जल्म गेला, कान गेले माझे.” शिवा हसला. पोरं हसली. रंभा हसली नाही, पण तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, “चला मंग.” ड्रम उतरवलेच नव्हते. टेंपो वळवून गेले.

पुढच्या रविवारी तो आला, माझ्याकडून चावी घेऊन कुलूप उघडलं, बाकं पुसली आणि मागच्या बाकावर बसला. तू विचारलंस, “काशा, ड्रमवर बसत का नाहीस?” तो म्हणाला, “ज्याला आयकू येत नाय त्यानं ताल धरू नये.” तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. मी पियानोवर होते. मी सूर लावला.

म्हणजे त्या चार ओळींतली चौथी ओळही माझीच. “ऐकू कमी येऊ लागल्याने.” तू तिच्यात जाणूनबुजून एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाहीस, हे मला कबूल करावं लागतंय आणि ते मला सहन होत नाहीये.

अठरा वर्षं, रस्त्यासाठी गोदाम पाडेपर्यंत, तो मागच्या बाकावर बसला. रोडपालीत त्याला ‘बयरा काशा’ म्हणायला लागले. डॉक्टरकडे जा म्हटलं तर जायचा नाही. आणि मी पियानोवरून बघायची, त्याची बोटं गुडघ्यावर चालायची. ठोका किंचित मागे. दर वेळी, अचूक. ज्याला ऐकू येत नाही त्याची बोटं तशी चालत नाहीत. दर रविवारी मला हे दिसत होतं, आणि दर रविवारी मी वाजवत राहिले.

तू रेवाला सांगतोस ना, की आई फार कडवट झाली म्हणून मी निघालो. आता तुला कळेल. तो कडवटपणा तुझ्यासाठी नव्हता. तू फक्त जवळ होतास.

अरुंधती


नवीन पनवेल
८ डिसेंबर २०२५

अविनाश,

तुझं पत्र मिळालं. खरंखुरं, टपालाने. “झालं ते झालं. काशा गेला त्याला सात वर्षं झाली. आता रंभाला सांगून तिला दुखवू नकोस.” तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हे मी लिहून देते. पण तुझं पत्र यायच्या आधीच मी जाऊन आले होते.

रोडपालीला त्यांची आता चार मजली इमारत आहे. एका मजल्यावर शिवा, एकावर पुतणे, चौथ्यावर रंभा, नातीबरोबर. नातीचं नाव रंजिता. तिने दार उघडलं. रंभा आतून मोठ्याने म्हणाली, “कोन हाय?” मग मला बघून आवाज खाली आणला आणि ओशाळून म्हणाली, “सवय लागली ना बाई, वरडून बोलायची. सुटत नाय.”

चहा आला. मी सांगितलं. गुरुवारचं, मग सतरा तारखेचं. जसं तुला लिहिलं तसंच, काही न गाळता. माझं संपल्यावर तिने विचारलं, “म्हंजी त्याचे कान चांगले व्हते?”

मी म्हटलं, “मला तरी तसंच दिसायचं.”

ती खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, “सत्तावीस वर्सं मी त्याच्याशी वरडून बोलली. लोकांना वाटायचा, भांडते. दवाखान्यात शेवटच्या टायमाला पन वरडली. बाजूच्या खाटेवरची बाई बोलली, अवो, हलू बोला. मी बोलली, त्याला आयकू नाय येत. कानात बोलायचा असतो, बाई, तवा. ता मी बोललीच नाय. वरडून कसा बोलनार?”

मी म्हटलं, “रंभाताई, मला माफ…”

“आता कशाला सांगितलात?” ती म्हणाली. रागाने नव्हे. खरोखर विचारत होती. “तुमचा हलका झाला. माझा काय झाला?”

रंजिताने माझ्या हातातला कप घेतला. अर्धा होता. मी उठले.

दारात असताना रंभाने विचारलं, “त्या तुमच्या पुस्तकात काय लिवलाय त्याचा?”

मी सांगितलं. कान गेले म्हणून वाजवणं सोडलं, असं.

“मंग ता काडा,” ती म्हणाली. “आनी खरा लिवा.”

म्हणून सांगते. छापखान्याची शेवटची तपासणी निकेशने माझ्याकडे दिली आहे. एकतिसावं पान मी बदलणार आहे. तुझ्या नावाच्या लेखात माझा मजकूर जाईल. तुला चोरटेपणाने काही करणार नाही म्हणून आधी कळवते आहे.

अरुंधती


नवीन पनवेल
२० जानेवारी २०२६

अविनाश,

तू अकरा तारखेचा कार्यक्रम करून परत गेलास. भाषण छान झालं. पन्नास वर्षं, पाच दशकं, अर्धं शतक, एकच गोष्ट तीनदा सांगितलीस आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

एकतिसाव्या पानावर मी एवढंच छापलं होतं: “काशिराम यांचे कान अखेरपर्यंत उत्तम होते. अविनाश यांनी त्यांना ध्वनिमुद्रणातून वगळले. अरुंधती यांनी त्यांना तारीख खोटी सांगितली आणि नंतर, तुम्हीच चुकीचे ऐकले, असे खोटे सांगितले.” तीन वाक्यं, प्रत्येकाला कर्ता.

तू त्यावर पट्टी लावून घेतलीस. निकेशने सांगितलं मला, तो बिचारा कानकोंडा झाला होता. सगळ्या प्रतींवर पांढऱ्या कागदाची पट्टी, डिंकाने चिकटवलेली. मध्यंतरात तू माझ्याजवळ आलास, काठी टेकत, आणि हळूच म्हणालास, “माझं नाव राहू दिलं असतं गं. तुझं वाचवायला लावली.” मी तिथे काही बोलले नाही, कारण तू खरं बोलत होतास, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता बोलते. माझी अब्रू तुझ्याकडे कुणी मागितली होती? आणि गंमत बघितलीस ना? पट्टी नसती तर एकतिसावं पान कुणी उघडलंही नसतं. पट्टी दिसल्यावर ओवे गावातल्या त्या हॉलमधली निम्मी माणसं पान दिव्याकडे धरून वाचत होती. उत्तरार्धात मी पियानोवर बसले तेव्हा माझ्याकडे बघणाऱ्यांना सगळं माहीत होतं. मी नीट वाजवलं. तुला म्हणून सांगते, फार नीट.

रंभा आली नव्हती. पण दोन दिवसांनी रंजिताचा फोन आला. “आजी म्हणते, रविवारी चारला या. पुस्तक घेऊन या.”

परवा गेले. मला वाटलं, तिला एकटीला वाचून दाखवायचं असेल. इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथे, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चारही मजल्यांची माणसं. शिवा, त्याची बायको, पुतणे, सुना. त्या टेंपोत आलेल्या अकरांपैकी सात हयात आहेत आणि सातही समोर होते. माझ्या वर्गातली ती दोन पोरं आता पन्नाशीची झाली आहेत. त्यांनी उठून नमस्कार केला. काही माहीत नव्हतं त्यांना.

रंभा म्हणाली, “वाचा बाई. मोट्यानं.”

पट्टी मी घरूनच ओल्या बोळ्याने काढून नेली होती. वाचलं. माझा आवाज फाटला, तर रंभा म्हणाली, “मागच्यांना आयकू नाय गेला. परत.” परत वाचलं.

मग शिवा, ऐंशीचा असेल तो आता, खुर्चीत पुढे झाला. “म्हंजी त्याला आयकू येत व्हता?”

“हो.”

“समदा?”

“सगळं.”

शिवा म्हणाला, “आमी त्याच्यासमोर काय काय बोललो गं वयनी. जमिनीच्या वाटन्या बोललो. त्याच्या पोराला नावा ठेवली. मी बोललो, तो बयरा काय, बसू दे तितं. तो नुसता हसायचा.” आणि त्याने उपरण्यात तोंड घातलं.

मी पुस्तक मिटत होते. तेवढ्यात रंभा बोलली. इतक्या वर्षांनी मी तिचा खरा आवाज ऐकला, बारीक, खालचा.

“ज्याला आयकू येतंय त्याला कललाच असल ना, का आपुन बयरं नाय,” ती म्हणाली. “आन् ता कलला, तर ताही कलला, का बाई खोट्या बोलल्या. तवाच कलला असल त्याला. त्याच दिशी. तितंच उभा ऱ्हावून.”

अविनाश, पस्तीस वर्षांत मला हे एकदाही सुचलं नाही. मी त्याला फसवलं, एवढंच मी उराशी धरून बसले होते. तो फसलाच नव्हता. माझ्याकडे बघत तो जो थांबला होता, तेवढ्यात त्याने ठरवलं.

मी विचारलं, “मग बोलले का नाहीत? माझी लाज राखायला?”

“तुमची?” रंभा हसली. बरं हसू नव्हतं ते. “तुमी कोन त्याच्या? अकरा मानसा टेंपोत बसवून आनलेली त्यानं. लुगडा नेसवून मना आनली. त्यांना काय सांगनार व्हता, मना काडून टाकला? काडून टाकला परीस बयरा बरा. ता त्याला जमला. मानूस असाच व्हता, ताठ.”

सुनांनी खुर्च्या उचलायला घेतल्या. रंजिता माझी पिशवी घेऊन उभी होती, म्हणजे मी निघायचं होतं. मी रंभाच्या पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले. माझ्याकडे ती बघतही नव्हती. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, कुणाच्या कानाशी बोलावं तसं, ती अगदी हळू म्हणाली,

“मना तरी सांगायचा व्हता.”

अरुंधती